बरी झाली, असं लिहिलेली मुलगी

क्रांती मूळची गारगोटीची. कोल्हापुरातल्या एका इस्पितळात, मुलांच्या अतिदक्षता विभागात ती आठ वर्षं नर्स होती. गेल्या वर्षी तिला तिथल्याच संशोधनाच्या कामावर घेतलं. मरणाच्या दारातून परतलेल्या मुलांच्या घरी सहा महिन्यांनी फोन करायचा, वीस प्रश्न विचारायचे, फॉर्म भरायचा. पायाला भिंगरी असलेल्या बाईला खुर्चीत बसणं जड जायचं.

कसबा बावड्याच्या रुद्राणीच्या घरी फोन कुणी उचलतच नव्हतं. सहा वर्षांची पोर, डेंग्यूनं अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. पोर गेली तर नसेल? आठवडाभर क्रांतीच्या डोक्यातून ते जाईना. शेवटी मंगळवारी दुपारी डबा तसाच ठेवून तिनं गाडी काढली.

दार रुद्राणीच्या आईनं, वर्षाराणीनं उघडलं. मागं कॉटवर पोर चित्र रंगवत होती. क्रांतीचा जीव भांड्यात पडला.

"फोन का उचलत न्हाईसा, ताई?"

"उचलून काय सांगू? डिस्चार्जच्या कागदावर लिवलंय, पोरगी बरी झाली. ही बरी हाय व्हय?"

तेवढ्यात गल्लीत कुणाची तरी मोटार मागं घेताना पीं पीं वाजू लागली. रुद्राणी कानांवर हात दाबून कॉटखाली शिरली. मोटार गेली तरी बाहेर येईना.

"दवाखान्यातलं मशीन वाजतंय म्हणती. शाळेची घंटा झाली की पळत घरी. पावणं म्हणत्यात, लाडानं बिघडली."

क्रांतीनं फॉर्म काढला. वीस प्रश्नांत श्वास होता, चालणं होतं, जेवण होतं. भीती कुठंच नव्हती. ती फरशीवर वाकली.

"रुद्राणी, मी सुई टोचणारी मावशी. आज हातात काय न्हाई, बघ."

पोरीनं तिचे तळवे निरखले, पण ती हलली नाही.

क्रांतीनं फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर सगळं लिहून आणलं. संशोधनाचे प्रमुख डॉ. उदयसिंह म्हणाले, "एका मुलीवरून काही ठरत नाही."

"मग बाकीच्यांस्नी विचारतो की, सर."

तिनं आधीच्या चाळीस घरी पुन्हा फोन लावले. तेरा घरांत असंच काहीतरी होतं. कुणी बोललं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी यादीत भीतीचे प्रश्न घातले. दर गुरुवारी अशा मुलांसाठी मानसोपचारतज्ज्ञ बसू लागल्या. तिसऱ्या गुरुवारी रुद्राणी आली, आईचा पदर मुठीत आवळून.

तरी क्रांतीला चैन नाही. उरलेल्या सत्तावीस घरांतल्या एका आईनं 'सगळं ब्येस हाय' म्हणून घाईघाईनं फोन ठेवला होता. तिच्या घरी जायला क्रांती निघाली आहे.