जहागिरीच्या नकाशातला वळू

आमच्या गावात एक नकाशा हाय. त्याच्यापायी एवढे किस्से साचलेत की सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी बरी. एक काढाय गेलं की चार अंगावर येतात!

नकाशा निजामाच्या टायमाचा. कापडावर काढलेला, चादरीएवढा, अक्षर सगळं उर्दू. हदगावाकडची अख्खी जहागीर त्याच्यात: नदी, कुरण, विहिरी, आमराई. मालक आमचे सरकार, जहागीरदारांचं पोरगं. पोरगं म्हंजे आता काठी टेकत चालतात. जहागीर कवाच गेली, तरी गाव त्यांना सरकारच म्हणतं.

तर गज्या, माझा दोस्त. त्याच्या मोबाईलात मी नकाशाचा फोटो टाकला आन् म्हणलं, "हे बघून जहागिरीची शीव पायी फिरून दाखव. न्हाई जमणार तुला!"

"त्याच्यात काय हाय बे?" म्हणत गडी निघाला बी!

दुपारी फोन. "आरे, नदी डाव्या हाताला पायजे, ती उजवीकडं पळून राहिली!"

मोबाईल आडवा केला की नकाशा फिरायचा, आन् नकाशामागं गज्या! फिरत फिरत पोचला हिमायतनगरच्या रोडला, त्याच्याच मावशीच्या दारात. मावशी म्हणली, "जेवायलाच यायचं होतं तर नकाशा कशाला लागतो रे?"

*

मग शाळेतल्या गुरुजींनी खबर आणली. नांदेडला जुन्या जहागिरींच्या नकाशांचं प्रदर्शन भरून राहिलं, कॉलेजचे एक सर येऊन आपला नकाशा तपासणार, पास झाला तर आपल्या गावाचं नाव तिथं भिंतीवर! गाव नुसतं फुगलं. सरकारांनी नकाशा पारावर उघडला. उर्दू वाचाय रशीदचाचा टेलर.

आमच्या वर्गातल्या मिलिंदची आजी आली. "चाचा, माझ्या सासऱ्याचं नाव हाय का यात?"

"न्हाई अम्मा. यात सगळं सरकारांचंच हाय."

आजीनं विहिरीवर बोट ठेवलं. "ही त्यांनी खांदली. आन् पाण्याला त्यांनाच मनाई!"

मग सरकार म्हणले, "गुरुजी, नकाशाखाली पाटी लावा. विहीर कुणी खांदली ते नावानिशी लिवा."

"मोठ्या अक्षरात लिवा," आजी म्हणली. "मला वाचता येत न्हाई, पण दिसलं पायजे!"

*

शेजारच्या गावचे पोरं बी आले बघाय. "आमचं गाव दाखव की यात!"

दाखवाय गेलो, तर त्यांच्या गावाच्या जागी भोक! बरोबर तेवढंच उंदरानं खाल्लेलं.

मी म्हणलं, "आमच्या गावचे उंदीर बी शीव सांभाळतात!"

*

शेवटी सर आले. भिंग लावून सगळा नकाशा बघितला आन् कुरणावर थबकले. तिथं बोटाएवढं काळं चित्र.

"वळू! देवणी जातीचा वळू आहे हा! शिंगांचा डौल बघा! जहागिरीची निशाणीच असणार!"

गावाची छाती फुगली. तेवढ्यात सरांचं तोंड उतरलं. "पण ही शाई नाही, काजळ वाटतंय. जुनं असेल तर चालेल. आता कुणी काढलं असेल, तर नकाशा बाद."

झालं! अख्खं गाव माझ्याकडं बघाय लागलं. गुरुजींनी कान धरला. "खोडी तुझीच!"

"आईशपथ न्हाई गुरुजी! ड्रॉइंगला नापास हाय मी!"

"म्हणूनच म्हणतो, तूच!"

कान पार लाल झाला. मागून काठी आपटली.

"गुरुजी, सोडा त्याला." सरकार उठून उभे राहिले. "मीच काढलंय ते. बारका होतो, आईचं काजळ घेतलं. तवा मार मुनीमजींच्या पोरानं खाल्ला आन् मी गप बसलो. आज न्हाई बसणार."

सरांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे निजामाच्या काळातलंच! मग नकाशा पास! पण सरकार, एवढ्या लहान वयात एवढा झकास वळू?"

सरकारांनी खाली बघितलं.

"वळू न्हाई सर. आमचे वडील हायेत, घोड्यावर. ती शिंगं न्हाईत, मिशा हायेत!"