जिलेबीसाठी काढलेली बॅटरी

इतवाऱ्याच्या बाजारात माव्याची जिलेबी तळायला लागले की मी रस्ता बदलतो, आणि त्याचं कारण मी आजवर घरातही सांगायचं टाळलं. निवृत्तीच्या जरा आधी, बहादरपूरच्या एका केळी पिकवायच्या गोदामात वायफाय कुठवर पोहोचेल ते मोजायला आम्ही निघालो होतो. सोबत एक नवी मुलगी होती, अजून कामावर कायम न झालेली. तिनं लॅपटॉप, मोजपट्टी, चाचणीचा राउटर आणि जादा बॅटरी पिशवीत नीट भरली होती. मी बॅटरी काढून ऑफिसातच ठेवली आणि त्या जागी गोदामाच्या मालकासाठी घेतलेला जिलेबीचा डबा बसवला. "काका, राहू द्या ना बॅटरी, डबा मी मांडीवर धरते." "पाक सांडला म्हणजे? रिकाम्या हातानं कोणाकडे जातात का, बाई?" मालकानं जिलेबी आवडीनं खाल्ली. पण पिकत्या केळीच्या गोड, दमट वासात, शेवटच्या खोलीत बॅटरी संपून राउटर बंद पडला. "उद्या माल भरणार, आता खोली मिळायची नाही," म्हणत मालकानं काम दुसऱ्याला दिलं. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "बॅटरी कोण विसरलं?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. तिची नोकरी गेली. परवा शनवाऱ्याच्या चौकात ती रिक्षात दिसली, तिनं स्वतःहून रिक्षा थांबवली. "काय काका, जिलेबी खाता ना अजून?" "शुगर आहे," एवढंच मी बोललो. तिची रिक्षा वळली, तेव्हा कुठं तोंडातून निघालं, "चुकलं माझं, पोरी."