मागितल्याशिवाय हिरडा नाही

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, औषध फुकट देत, पण मागायला लावून. घाटघर गावात कुणाच्या पोराचं पोट दुखलं, कुणाला खोकला झाला की माणूस आमच्या ओटीवर येऊन उभं राही. सहाणेवर हिरडा उगाळता उगाळता त्या मान वर न करता विचारत, “काय पायजे?” नुसतं पोराकडे बोट दाखवून भागत नसे. “तोंडानं माग. मागितल्याबिगर गुण येत न्हाई.”

नव्वदच्या सुमारास मी आंबेगाव तालुक्यातून लग्न होऊन इथे आले. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. पहिल्याच आठवड्यात मला खोकला झाला. शेजारणींच्या देखत तीनदा मागायला लावून त्यांनी हिरड्याची फोड माझ्या हातावर ठेवली. “आय नसली की हिरडाच आय म्हणत्यात. घे, ही तुझी आय. चघळ, चावू नको.” बायका फिदीफिदी हसल्या. ती तुरट लाळ गिळत मी चुलीपाशी जाऊन रडले. खोकला दोन दिवसांत गेला, हेही सांगायला हवं.

उन्हाळ्यात आम्ही हिरडे वेचायला रानात जात असू. व्यापाऱ्याची पोती वेगळी, औषधाचा हिरडा वेगळा. तो आत्याबाई पाण्यात टाकून पारखत. बुडेल तोच घरात यायचा. “वर तरंगतो तो कामाचा न्हाई. माणसाचंबी तसंच असतंय,” असं म्हणून माझ्याकडे बघत. बोलण्यात लई तिखट बाई, पण माझ्या पोरांच्या गुटीला कधी तरंगता हिरडा लागू दिला नाही.

थोरलीला एकदा मुरडा झाला. पोरगी विळ्यासारखी वाकून किंचाळत होती.

“आत्याबाई, हिरडा द्या.”

“कुणाला?”

“पोरीला.”

“कुणाच्या पोरीला? नीट माग.”

पाचव्यांदा मागितल्यावर त्यांनी चाटण दिलं. पोरगी त्यांच्या मांडीवर झोपली आणि पाय बधिर झाले तरी म्हातारी दिवस मावळेपर्यंत हलली नाही. ते मी पाहिलं, पण माफ केलं नाही. एक दिवस हिला माझ्याकडे मागावं लागेल, एवढंच मनात धरून बसले.

तो दिवस यायचाच होता. आपल्या हातचं औषध आपल्याला लागू पडत नाही, अशी इकडची समजूत, आणि आत्याबाई ती काटेकोर पाळत. म्हातारपणी खोकला लागला तेव्हा हिरडा, सहाण, मध सगळं हाताशी असून त्या चार दिवस खोकत राहिल्या. घरात दुसरा हात माझाच होता आणि माझ्याकडे मागायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्या भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. नजर सहाणेवर. मला इतका आनंद झाला की आज लिहायलाही लाज वाटते. मी सावकाश हिरडा उगाळला, मध घातला, वाटी घेऊन समोर बसले.

“काय पाहिजे?”

त्यांचे ओठ हलले. आवाज नाही.

“नीट मागा.”

त्यांनी डावा हात वाटीकडे केला. मी वाटी मागे घेतली. “हाताने नाही, आत्याबाई. तोंडाने.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अखेर मोडली म्हातारी, असं मला वाटलं. वाटी त्यांना दिसेल अशी कोनाड्यात ठेवून मी कामाला लागले.

दुपारी मालक आले, त्यांनी आईला बघितलं आणि जीप करून जुन्नरला नेलं. डॉक्टर म्हणाले, “झटका सकाळीच आलेला दिसतोय. उजवी बाजू गेलीय, वाचाही गेलीय.” तिसऱ्या दिवशी आत्याबाई गेल्या. कोनाड्यातली वाटी मीच धुतली. हिरडा वाळून तळाला चिकटला होता, नखाने खरवडावा लागला.

आता हिरडा मी उगाळते. ओटीवर कुणी आलं की तोंड उघडायच्या आत वाटी हातात देते. बायका घेतात आणि घरी जाऊन म्हणतात, सासूच्या हाताचा गुण सुनेला आला नाही.