पडद्यावरची हुडहुडी

वस्तू कशामुळे बिघडली हे सांगणारे जगात पैशाला पासरी मिळतात. ती कशामुळे बिघडलेली नाही हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ऑपरेटर म्हणजे वरच्या कोंदट खोलीत मशीन चालवणारा तो माणूस, ज्याची आठवण लोकांना चित्र बंद पडल्यावरच येते आणि तीही शिट्ट्यांसकट येते. मी अमरावतीचा, राजापेठेत बिऱ्हाड करून राहणारा शाळामास्तर. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना साडभाऊ म्हणे आणि ते मला नुसतं ‘मास्तर’ म्हणत. अंगानं किडकिडीत, पण अंगातल्या खाकी शर्टाला चार खिसे. एकात पक्कड, दुसऱ्यात भिंग, तिसऱ्यात पानाची डबी आणि चौथ्यात खडू. मास्तर मी असून खडू त्यांच्या खिशात का, हे मला लग्नानंतर वर्षभरानं कळलं. ज्या वस्तूचा दोष नाही असं सिद्ध होई, तिचं नाव ते जवळच्या भिंतीवर लिहून पुढे ‘निर्दोष’ असा शेरा मारत.

“मास्तर, चोर धराची घाई करू नये,” ते सांगत. “आधी साव कोन कोन हायेत ते मोजून घ्या. उरला तो चोर. त्यात अक्कल लागत नाई, दम लागते.” दम त्यांच्याकडे उदंड होता. आजूबाजूच्यांचाच कमी पडे.

माझ्या लग्नात परतवाड्याला पंगत बसली आणि वरण खारट निघालं. वऱ्हाडी मंडळी वऱ्हाडी असूनही गप्प राहिली, कारण नवरीकडची अब्रू. साडभाऊ मात्र भरल्या ताटावरून उठले, स्वयंपाकाच्या मांडवात गेले आणि मीठ, विहिरीचं पाणी, कच्ची डाळ असं एकेक चाखून परत येऊन भर पंगतीत म्हणाले, “मीठ निर्दोष हाये. पानी निर्दोष हाये. आचारी बी निर्दोष हाये, तो तं झोपला होता.” इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी पुढं शोधून काढलं की आचारी झोपला म्हणून तीन बायकांनी एकमेकींना न सांगता वरणात मीठ घातलं, आणि त्यातली पहिली मूठ आमच्या सासूबाईंची होती. त्या दिवसापासून सासूबाईंनी या जावयाला ‘जवाईबापू’ म्हणताना मधल्या अक्षरावर जो जोर द्यायला सुरुवात केली, तो पुढं कमी झाला नाही.

एकदा त्यांचं पोट दुखू लागलं. डॉक्टरकडे न जाता त्यांनी रोज एक पदार्थ सोडला. पहिल्या दिवशी मिरची, मग भाकर, मग चहा. आठव्या दिवशी दुखणं थांबलं. आम्ही पेढे मागितले, तर हे सुतकी चेहरा करून बसलेले. “दुखनं गेलं हो, पन गुन्हेगार कुठी सापडला?” आणि दुखणं परत यावं म्हणून दुसऱ्या दिवसापासून एकेक पदार्थ पुन्हा खायला सुरुवात! शेजारच्यांच्या रेडिओत खरखर यायची, तर यांनी त्या घरातल्या एकेकाला अंगणात उभं करून पाहिलं. घरची आजी बाहेर गेली आणि त्याच क्षणी रेडिओ खणखणीत बोलू लागला. योगायोगच तो, पण दोन वर्षं त्या घरातून यांच्याकडे विरजणसुद्धा आलं नाही.

तर अशा माणसाच्या मशीनवर चित्र थरथरायला लागलं, त्याची ही गोष्ट. एकोणीसशे साठच्या आसपासची असेल. दसरा होऊन गेला होता आणि मला शाळेची सुट्टी होती. साडभाऊंचं पत्र आलं, तेही जोडकार्ड, म्हणजे उत्तराचं कार्ड बरोबरच. मजकूर दोन ओळींचा: ‘या हप्त्याच्या न्यूजरीलमध्ये आपला मेव्हणा आहे. मामीला घेऊन ताबडतोब निघा, गुरुवारपर्यंतच आहे.’

मामी म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी बाचाबाची करून घरातून गेला होता, तो थेट पंजाबात धरणाच्या कामावर. वर्षाकाठी एखादं पत्र येई, त्यात ‘मी खुशाल आहे’ एवढंच. त्या काळी मुख्य सिनेमाच्या आधी पाच-सात मिनिटांची सरकारी न्यूजरील दाखवत. दर शुक्रवारी नवी येई आणि गुरुवारी जुनी पेटीत बंद होऊन पुढच्या गावाला जाई. गुंडाळताना भिंगाखाली फिल्म सरकवता सरकवता साडभाऊंना धरणाच्या कामगारांत आमचा मेव्हणा दिसला. चारच सेकंद. घाम पुसतो आणि हसतो.

सासूबाईंनी तोवर सिनेमागृहाची पायरी चढलेली नव्हती. ‘ते नाचगान्याचं घर’ असं म्हणून त्या तोंड फिरवत. पण मी परतवाड्याला जाऊन निरोप सांगितला, तर त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याआधी फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. वाटेत बसमध्ये त्या एकदाच बोलल्या. “तो आपल्याले पाहीन का?” मी म्हणालो, नाही, आपणच त्याला पाहायचं. “बरं,” त्या म्हणाल्या, “तेवढं बी चालते.”

बुधवारी तीनच्या खेळाला आम्ही बसलो. अंधार झाला आणि पडद्यावर उजेड पडला. चित्र असं थरथरत होतं की डोंगर कुठला आणि माणूस कुठला तेच कळेना. उजेड मिचमिचत होता, अंधारत होता, पुन्हा भडकत होता. तेवढ्यात एक उंच आकृती हातानं तोंड पुसताना दिसली आणि गेली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं ते दुखेपर्यंत. “तोच हाये! चालन्यावरून ओयखला मी. पन मास्तर, त्याले थंडीताप हाये. पाह्यलं नाई का, कसा हुडहुडून राहिला!” मी सांगितलं, मामी, तो बरा आहे, चित्रच थरथरतंय, मागचं धरणही थरथरत होतं. “धरनाले काय करा लागते मले?” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर साडभाऊंनी फिल्मचा, चार चौकटींचा कापून ठेवलेला, एक तुकडा भिंगाखाली धरून दाखवला. पण सासूबाईंना लांबचं लख्ख दिसे आणि जवळची सुई दिसत नसे. “हे तं मुंगी हाये,” असं म्हणून त्यांनी तो तुकडा परत केला आणि थोरल्या लेकीला गुळवेलीचा काढा उकळायला लावला. एक गोधडी बांधली. उद्या संध्याकाळच्या गाडीनं त्या पंजाबला निघणार होत्या. जन्मात आगगाडीत न बसलेली साठीची बाई! “मले फकस्त इतकं सांगा, पंजाब कोन्या फाट्यावर उतराचं.” आम्ही दोघे जावई, एक लेक, तिघांनी तऱ्हेतऱ्हेनं समजावलं. पण आईच्या डोळ्यांनी पाहिलेला ताप कोणाच्या शब्दानं उतरणार? पोरगा धडधाकट आहे हे तिला तिच्या डोळ्यांनीच दिसायला हवं होतं. त्याला एकच वाव उरला होता, गुरुवारचा तीनचा खेळ. सहाच्या खेळापर्यंत तर गाडीची वेळ होणार होती.

गुरुवारी सकाळी सातला साडभाऊ मला घेऊन मशीनच्या खोलीत शिरले. शुक्रवारपासून, म्हणजे ऐन दसऱ्यापासून, हा त्रास होता. सुरुवातीची दहा मिनिटं थरथर, मग मुख्य सिनेमा काचेसारखा साफ. म्हणून मालकाला फिकीर नव्हती. “न्यूजरील कोन पाहते हो?” तो म्हणे, “थरथरलं तं थरथरू द्या. पिक्चर तं साफ जाते ना!” न्यूजरील मागून लावा असं मी सुचवलं, तर ती आधीच दाखवायची हा सरकारी नियम आडवा आला. भिंतीवर पहिला शेरा आधीच होता, ‘फिल्म – निर्दोष’. मग साडभाऊंनी मशीनच्या पोटातल्या कार्बनच्या कांड्या बदलल्या. पेन्सिलीएवढ्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये वीज पेटती ठेवायची, त्याच उजेडात सगळा सिनेमा. कोऱ्या कांड्यांनीही थरथर तीच. ‘कार्बन – निर्दोष.’ मग वीज. त्याच लाइनीवर एक साधा दिवा लावून मला त्याच्याकडे टक लावून बसवलं. दिवा ढिम्म हलेना. तरी त्यांचं समाधान होईना. शेजारची पिठाची गिरणी त्यांनी हातापाया पडून दहा मिनिटं बंद ठेवायला लावली. तिथं ज्वारीचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांनी साडभाऊंच्या सात पिढ्या भरडून काढल्या. ‘गिरणी – निर्दोष.’ मशीन हादरत असेल म्हणून त्याच्या पायांशी सरकीची चार पोती रचली. पोती निर्दोष, फरशी निर्दोष. पडद्यामागे उंदीर असतील म्हणून मला काठी घेऊन पाठवलं. उंदीर सापडले, पण तेही निर्दोष!

खोटं कशाला सांगू, मलाही चेव चढला होता. घामानं निथळत मी त्या जिन्यानं किती वेळा वरखाली केलं याची गणती नाही. प्रत्येक शेऱ्यागणिक वाटे, आता चोर सापडलाच. पण सव्वादोन वाजले आणि भिंत भरली. साऱ्या टॉकीजमध्ये दोषी म्हणून कोणी उरलंच नाही. साडभाऊ स्टुलावर मटकन बसले. मी त्यांना इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. “मास्तर,” ते म्हणाले, “म्हातारी जाईन हो पंजाबले. माह्या मशीनपायी जाईन.”

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. सासूबाई स्वतः जेवणाचा डबा घेऊन वर आल्या होत्या. सकाळपासून दोन्ही जावई उपाशी, हे त्यांच्यातल्या सासूला पाहवलं नसावं. डबा ठेवून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. अक्षरओळख नव्हती, म्हणून मला वाचायला लावलं. मी वरपासून खालपर्यंत सगळी यादी वाचली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, “आन् यात जवाईबापूचं नाव कुठी हाये?”

“माहं?” साडभाऊ म्हणाले. “माहं काहून?”

“वरनात मीठ कोनं टाकलं ते पाहाले तुमी माह्यापर्यंत आले होते. मशीनले रोज हात कोन लावते?”

मग साडभाऊ उठले. खडू घेऊन त्यांनी भिंतीवर शेवटी लिहिलं, ‘मी’. पुढची जागा मोकळी सोडली आणि डोळे मिटून दसऱ्याच्या आदल्या आठवड्यापासून आपण काय काय केलं ते मोठ्यानं आठवू लागले. तेल दिलं. काच पुसली. पट्टा ताणला. खंडेनवमीला मशीनची पूजा केली. पूजेपाशी ते अडखळले, आणि डोळे टक्क उघडले.

खंडेनवमीला मालकानं रिवाजाप्रमाणे मशीनला बाहेरून हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तो गेल्यावर साडभाऊंच्या मनात आलं, ही तर टरफलाची पूजा झाली, देव तर आत आहे. म्हणून त्यांनी मशीनचं पोट उघडलं, वीज आणणारी जाड तार जिथं आवळलेली असते तो जोड सैल केला, आत दोन्ही बाजूंना गोड्या तेलात कालवलेलं हळदकुंकू भक्तिभावानं माखलं आणि पुन्हा आवळून टाकलं! आता त्यांनी तोच जोड उघडला. आत तेलकुंकवाची काळी खरपुडी धरली होती. थंड असताना वीज त्यातून अडखळत जाई, आणि दहा मिनिटांनी धातू तापून फुगला, घट्ट बसला, की चित्र साफ. साडभाऊंनी मशीनपुढं आधी कान पकडले, मग काचकागद धरला. घासता घासता ते एकीकडे हसत होते आणि एकीकडे “मीच हो, मास्तर, मीच!” असं इतक्या आनंदानं ओरडत होते की खालच्या तिकीटवाल्याला वाटलं, यांना मुलगा झाला. मोकळ्या जागेत ‘दोषी’ हा शब्द त्यांनी सर्वांत मोठ्या अक्षरात लिहिला.

तिसरी घंटा झाली. सासूबाईंना आम्ही फिल्मच्या रिकाम्या पेटीवर उभं करून मशीनजवळच्या झरोक्यापाशी धरलं. उजेड पडला, आणि काय सांगू! भिंतीवर रंगवावं तसं स्थिर चित्र. डोंगर डोंगराच्या जागी, धरण धरणाच्या जागी. आणि मग तो आला. उंच, उन्हानं काळवंडलेला. मनगटानं कपाळ पुसलं, कोणाकडे तरी पाहून मोकळेपणी हसला आणि गेला. मी ओरडलो, “मामी, पाहिलं? ताप नाही, काही नाही!”

सासूबाई झरोक्यापासून हलल्या नाहीत. “दात पडला त्याचा येक,” त्या म्हणाल्या. “वरचा. डाव्या आंगचा.”

साडभाऊंनी कोणाला न विचारता फिल्म मागे गुंडाळली आणि पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. खाली लोकांनी शिट्ट्या, बाकं, पाय, जे वाजवता येईल ते वाजवलं. मालक तावातावानं जिना चढून आला. मी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो झरोक्याशी उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहत राहिला, घाम पुसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “लावा बाप्पा, अजून येक डाव लावा.”

सासूबाई पंजाबला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर परत निघाल्या. त्या गुरुवारी रात्री जेवताना साडभाऊ एकदाच बोलले. “मास्तर, मी तो तुकडा भिंगाखाली धरून पन्नास डाव तरी पाह्यला असन. मले दात काहून दिसला नाई?”

त्याच वर्षी पौषात सासूबाई गेल्या. दोन दिवसांचं दुखणं झालं. मेव्हण्याला तार गेली, पण तो पोचला तेराव्यानंतर. साडभाऊ आणि मी परतवाड्यालाच होतो. तो दारात येऊन उभा राहिला. साडभाऊंनी त्याला हाताला धरून ओसरीच्या कडेला, उजेडात बसवलं आणि म्हणाले, “तोंड उघड.” तो गोंधळला, पण त्यानं उघडलं. साडभाऊंनी वाकून वरच्या डाव्या अंगाची रिकामी जागा बराच वेळ पाहिली. भिंग खिशात होतं, ते काढलं नाही. मग त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, “तुह्या मायनं पाह्यलं होतं रे.”