पेशकारसाहेबांचं बिनव्याजी कर्ज

त्या उन्हाळ्यात मी देवावर चांगलाच रुसलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. निजामाची राजवट होती. मी मानवतच्या लिंगायत वाण्याचा पोरगा. वडील गेलेले, दुकान मामांनी सावरलेलं. हैदराबादच्या कॉलेजातलं पहिलं वर्ष मायच्या पाटल्यांवर निघालं. दुसऱ्या वर्षाची फी कॉलेज उघडायच्या आत भरली नाही तर नाव कटणार होतं. सावकाराला तारण पाहिजे होतं, आणि आमच्या घरी माझ्या चुरूचुरू चालणाऱ्या तोंडाशिवाय तारण ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून सुट्टीत मी सेलूला राहिलो. सकाळी एका आडतीवर काट्याजवळ बसून कापसाची वजनं लिहायची, संध्याकाळी पेन्शनीत निघालेल्या एका पेशकारसाहेबांच्या दोन नातींना गणित शिकवायचं. एवढं करूनही उन्हाळा सरत आला तेव्हा निम्मी फीसुद्धा जमली नव्हती. रोज आंघोळ करून भस्म लावायचो, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचो, आणि पूजा कसली, नुसती मागणीच करायचो, की शंकरा, एवढं एक वर्ष काढून दे. लिंगपूजा झाल्याशिवाय आमच्यात अन्नाला शिवत नाहीत, म्हणून पूजा चुकली नाही इतकंच. भाव पार आटला होता.

पेशकारसाहेब पाच वेळा नमाज पढणारे, थोडं बोलणारे गृहस्थ. सगळी हयात कचेरीत हाकिमापुढं कागद लावण्यात गेलेली. एका संध्याकाळी नाती उठून गेल्यावर त्यांनी माझ्या कॉलेजची चौकशी केली आणि सरळ म्हणाले, "बाकी पैसे मैं देता. कर्ज समझ के ले. जब बनेगा तब लौटा."

मी वाण्याचा पोर. तोंडातून पहिला प्रश्न निघाला, "व्याज किती?"

साहेबांनी दोन्ही कान धरले. "तौबा! ब्याज हमारेकू हराम है, बेटा."

आता जिच्यासाठी दीड महिना देवाला साकडं घातलं ती गोष्ट समोर चालत आली होती. मी पाय धरायला पाहिजे होते. पण मला शंका आली! पैसा आहे आणि व्याज नाही, असं आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी ऐकलेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मानवतला जाऊन मामांना विचारलं. मामांनी तपकीर ओढली. "आरं, बिनव्याजी पैसा कोण देतं का रं? कायतरी गोम असंल. आन् गोम नसंल तर अजूनच वाईट. व्याज दिलं की उपकार फिटतो. न्हाई दिलं तर जन्मभर मान खाली."

हे मला लय पटलं. मी आपला चांगल्या कागदावर, ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लिहिली: एवढे रुपये घेतले, दरमहा दरशेकडा इतकं व्याज राजीखुशीनं देईन. खाली सही. आपण किती खानदानी, असं वाटत होतं. सेलूला जाऊन ती साहेबांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मेरेकू साहुकार समझा क्या?" एवढंच म्हणाले, चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि दाराकडं बोट दाखवलं. त्यांनी ज्याला धर्म मानलं त्याचा मी भाव ठरवला होता. हे तेव्हा कुठलं कळायला? मी तणतणत मानवतला परत आलो.

कॉलेज उघडायला आठवडाही राहिला नव्हता. मी घरात कुणाशी धड बोलेना. मायनं पुढ्यात ताट ठेवावं आणि मी सरकवावं. मामा म्हणाले, "दुकानात बस, वजनं तर शिकलास." ते ऐकून मी उठून बाहेर गेलो. पूजेला बसलो की लिंगाकडं बघून मनात भांडायचो, तू माझं काही ऐकत नाहीस म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात घंटा वाजली. एक जंगम, म्हणजे आम्हा लिंगायतांचा गुरू, भिक्षेला आला होता, आमच्याकडं नेहमी येतो तो नव्हे. माय लगबगीनं सुपात ज्वारीचं पीठ घेऊन आली, "शरणार्थ" म्हणून वाकली. माझा सगळा राग त्या माणसावर निघाला. "स्वामी, दारोदार हिंडून मागायची लाज वाटत न्हाई का?"

"आरं मेल्या!" माय ओरडली.

जंगम हसला. "लेकरा, तुज्या मायला द्यायचं हाय, तर घेणारं कुणी पायजे का नको? देणारे लय हायेत. घ्यायचं म्हंजी मान वाकवावी लागती, ते अवघड काम हाय." झोळी सावरून तो पुढच्या दाराला गेला.

मी ओट्यावरच बसलो. ज्या तळहातावर रोज देव घेऊन मी मागत होतो, तोच तळहात माणसापुढं धरायचा म्हटलं की मला व्याजाचा कागद लागत होता. म्हणजे देवानं द्यावं, पण माझा ताठा राखून द्यावं! त्या सकाळी मी लिंग हातात घेऊन काहीच मागितलं नाही. नुसता रडलो. मग मायनं वाढलेली भाकरी पोटभर खाल्ली आणि पायी मानवत रोड स्टेशनला जाऊन सेलूची गाडी धरली.

साहेब अंगणात खाटेवर बसले होते. मी पुढं जाऊन दोन्ही हात पसरले. ते उठून आत गेले आणि रुमालात बांधलेले रुपये माझ्या ओंजळीत ठेवले. आमच्या मठात प्रसाद घेतात तशी मी ती ओंजळ कपाळाला लावली. नाव कटलं नाही. दुसरं वर्ष पार पडलं, त्यापुढची वर्षं साहेबांच्या आधारानं आणि शिकवण्यांवर निघाली. पदवी झाली, शाळेत नोकरी लागली.

फेड थोडीथोडी करत गेलो. शेवटचे रुपये द्यायला गेलो तेव्हा साहेब फार थकले होते. मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही नसता तर मी आज दुकानात पुड्या बांधत बसलो असतो."

ते म्हणाले, "मेरी भी सुन. गुस्से में तेरा कागज फाडा, तेरेकू भगाया. तीन दिन नमाज में दिल नै लगा. एकीच दुआ मांगता था, या अल्लाह, उस पोट्टे को वापस भेज."

माझ्या हाकेला देव धावून आला, असं मी तोवर सगळ्यांना सांगत आलो होतो. तिकडं सेलूत एक म्हातारा त्याच तीन दिवसांत माझ्यासाठी हात पसरून बसला होता, हे मला ठाऊकच नव्हतं. देवानं आम्हा दोघांचंही केव्हाच ऐकलं होतं. अडून बसलो होतो तो मी एकटा.