स्वीडनच्या खड्ड्यात बेरिंगची गाडी

आम्ही तिघं संध्याकाळी रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर बसलो की घरची माणसं आमची वाट न बघता जेवून घेतात. त्यांना माहीत आहे, एकदा स्वीडन निघालं की हे लवकर उठत नाहीत. बरं, प्रवास एकच, तोही जेमतेम आठवड्याभराचा. पण दर खेपेला एकाला काहीतरी नवीन आठवतं, दुसरा बोलतो, "असं झालंच नव्हतं," आणि त्या भांडणातून आणखी एक किस्सा निघतो.

गोष्ट ऐंशी-पंच्याऐंशीच्या दरम्यानची. मी, दत्तू आणि इब्राहिम एका शाळेतले, पुढे मुंबईच्या एकाच गोदीत लागलो. दत्तू फिटर, इब्राहिम वेल्डर, मी रंगारी. कंपनीने एका बोटीच्या दुरुस्तीसाठी आम्हाला स्वीडनला धाडलं. तिथे इंजिनाचा एक पार्ट येईना, म्हणून काम थांबलं. तिथल्या गोदीतला लार्स नावाचा तरणा वेल्डर मोडक्या इंग्रजीत बोलला, "माझी व्हॅन आहे, तंबू आहे. स्केटपार्क बघत फिरणार आहे. येता?"

फुकटची गाडी म्हटल्यावर रत्नागिरीचा माणूस पुढचं विचारत नाही.

* * *

आमची समजूत, पार्क म्हणजे बाग. बाकडी, कारंजं, झालंच तर भेळ. इब्राहिम इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून निघाला. पोचलो तर जमिनीत एक मोठा सिमेंटचा खड्डा, आणि चाकं लावलेल्या फळ्यांवर उभी राहून माणसं त्यात वर-खाली घसरतायत.

इब्राहिमने बराच वेळ बघितलं आणि लार्सला विचारलं, "पाणी कधी सोडतात?"

"पाणी नसतंच."

"मग टाकी फुटलीय काय?"

तोवर दत्तू खाली उतरलेला. माणसं बाजूने सूं करून जातायत आणि हा उकिडवा बसून सिमेंटवरून हात फिरवतोय. "बाळ्या," त्याने मला हाक मारली, "ह्याला कोपराच नाही रे. गिलावा करणारा उभा कुठे राहिला असेल?"

त्या एका प्रश्नावर आम्ही अख्खा दिवस काढला. लार्स लहानपणापासून असल्या खड्ड्यांत घसरत आलेला, पण त्यालाही सांगता येईना. शेवटी तोही खाली बसून हात फिरवायला लागला.

* * *

मुक्कामाची वेळ आली. लार्सने तळ्याकाठी झाडीत व्हॅन लावली आणि तंबू काढला. आम्ही बघतोय, हद्दीचा दगडी गडगा कुठे आहे. गडगा नाही, कुंपण नाही, पाटी नाही.

"जागा कोणाची?" मी विचारलं.

"असेल कोणाची तरी. आमच्याकडे एक रात्र कुठेही राहता येतं. घराच्या फार जवळ नको आणि घाण करायची नाही, एवढंच."

दत्तूला ते पटेना. मालकाला विचारल्याशिवाय तो खुंटी मारू देईना. अखेर चालत चालत एका घरी गेलो. गमबूट घातलेली म्हातारी बाहेर आली. लार्सने तिला सांगितलं, ही माणसं परवानगी मागतायत. ती विचारात पडली. मग लार्सला काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, परवानगी कशी देतात ते तिला माहीत नाही. कागद लागतो का?"

परत येताना लार्सने विचारलं, "तुमच्याकडे असा तंबू ठोकला तर काय होतं?"

"आंब्याच्या बागेत?" इब्राहिम बोलला. "आधी कुत्रा येतो. मग राखणदार येतो. मग मालक येतो, तो नेमका ह्या बाळ्याचा चुलता निघतो. मग जेवून जावं लागतं."

* * *

एका दुपारी मी तळ्यातल्या माशाचं कालवण केलं. दत्तूच्या आईने डबाभर आमसुलं दिलेली, ती बाहेर काढली. लार्सला वाटलं, सुकवलेलं गोड फळ. आम्ही सांगेपर्यंत त्याने मूठभर तोंडात टाकली.

डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले, पण गडी चावत राहिला आणि गिळून मोकळा झाला.

"थुंकला नाही," दत्तू बोलला. "चांगल्या घरचा आहे."

* * *

आता दत्तूचं सांगतो. त्याने एकदा लार्सची फळी हातात घेतली, चाक फिरवलं, कानाशी धरलं आणि त्याचा चेहराच बदलला. "बाळ्या, बेरिंग."

लहानपणी आमची बेरिंगची गाडी होती. फळीखाली मागे दोन, पुढे एक, गॅरेजवाल्याकडून मागून आणलेली जुनी बेरिंगं. मी पुढे बसून दांडा धरायचो, इब्राहिम माझ्यामागे, आणि दत्तू ढकलायचा, कारण अंगाने तोच दांडगा. उतार लागला की त्याने उडी मारून चढायचं, असं ठरलेलं. पण त्याला ते कधी जमलं नाही. तो चढेपर्यंत गाडी गेलेली असायची आणि हा मागून धावत यायचा. खाली पोचला की धापा टाकत विचारायचा, "कसं वाटलं रे?"

दत्तूच्या पिशवीत गोदीतल्या भंगारातली बेरिंगं होतीच. त्याला ती कधी टाकवत नाहीत. लार्सने फळी शोधून आणली आणि एका सकाळी गाडी तयार झाली.

"ह्या वेळी मी बसणार," दत्तू बोलला. "एकदा तरी."

* * *

सिमेंटवर लोखंडी बेरिंग म्हणजे काय आवाज असतो! पहिल्याच पार्कात सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. नंतर तीच माणसं रांगेत उभी राहिली. मी बसलो, इब्राहिम बसला, लार्स बसला, लार्सच्या ओळखीचे बसले. आणि दत्तू? सवयीने मागे जाऊन उभा. एकेकाला ढकलतोय.

दुसऱ्या पार्कात तेच. लार्सने आम्हाला विचारलं, "हा का बसत नाही?"

"तो ढकलतो," मी आणि इब्राहिम एकदमच बोललो.



* * *

मग लार्सने वाटेतून गोदीत फोन केला तर निरोप मिळाला, पार्ट पोचलाय, उद्या कामावर या. म्हणजे हा शेवटचा पार्क. परातीसारखा पसरट खड्डा, पण चांगला खोल. लार्सने गाडी आणून काठावर ठेवली आणि कोणाला हातच लावू देईना. दत्तूकडे बोट केलं.

दत्तू बसला. एवढा दांडगा माणूस, पण दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. "इब्राहिम, ढकल," तो बोलला.

इब्राहिमने ढकललं. गाडी खडखडत तळाला गेली, समोरच्या चढावर चढली, तशीच मागे आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि हळूहळू मधोमध थांबली. दत्तू उठेना.

मी वरून ओरडलो, "दत्तू, कसं वाटलं रे?"

त्याने मान वळवली. "वाटायचंय काय? मी मागे बघितलं तर तुम्ही दोघं वरच उभे. कोणीतरी धावत यायला नको?"

लार्स विचारायला लागला, काय बोलतोय तो.  इब्राहिम खाली बसला, त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मला बोलला, "तू पण काढ."