मामांची बादली

टिटवाळ्यापासून कोपरीपर्यंत चार पायांवर किंवा दोन पायांवर चालणारा असा एकही जीव नसेल, ज्याचा स्वभाव आमच्या हिच्या मामांनी पाठीमागे बादली आपटून तपासलेला नाही. टिटवाळ्याच्या कडेला, तिन्ही बाजूंनी नव्या टॉवरांनी घेरलेला त्यांचा तबेला आहे. दूध जातं कल्याणला आणि वाढवलेले रेडे जातात मांसाच्या व्यापाऱ्याकडे. त्यातला एखादा रेडा मात्र मामा पैदाशीसाठी मागे ठेवतात, आणि तो निवडताना त्याची उंची बघत नाहीत की छाती. "वजन काय, पेंड घातली की चढतं," ते म्हणतात. "तापट जनावराला खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि त्याची पोरं त्याच्याहून तापट निघतात. आधी डोकं बघायचं." हे डोकं बघायचं त्यांचं यंत्र म्हणजे पत्र्याची एक चेपलेली बादली. जनावर बेसावध असताना ती मागे दाणकन आपटायची आणि बघायचं, डोळ्याचं पांढरं किती दिसलं, कान कुठे गेले, उधळलं तर किती लांब गेलं आणि परत खायला कधी लागलं. या बादलीच्या आवाजाने एकदा कसाऱ्याहून येणारी मालगाडी सिग्नल नसताना थांबली होती, असं मी सगळीकडे सांगतो आणि मामांनी ते कधी खोडून काढलेलं नाही.

माणसांनाही परीक्षा हीच. दुखरा गुडघा दाखवायला मामा कल्याणच्या एका डॉक्टरकडे गेले आणि त्याची पाठ वळताच त्यांनी तिथला स्टीलचा ट्रे जमिनीवर सोडला. डॉक्टर खुर्चीसकट भिंतीला जाऊन लागला. "जो ट्रेला दचकतो तो माझा गुडघा काय धरणार?" म्हणत मामा तसेच लंगडत घरी आले, आणि तो गुडघा आजही तसाच आहे. मी हिला बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी हातात आली न आली तोच माझ्या खुर्चीमागे दुधाचं रिकामं कॅन कोसळलं. मी भीतीने इतका गोठलो की मान सोडा, पापणीसुद्धा हलेना. मामांनी पुढे येऊन माझे डोळे न्याहाळले आणि निकाल दिला, "स्थळ थंड डोक्याचं आहे. द्या मुलगी." आपण गोठलो होतो हे मी आजवर हिलाही सांगितलेलं नाही.

यंदाच्या थंडीत मी खरवसासाठी चीक आणायला म्हणून कळव्याहून टिटवाळ्याला गेलो, तर तबेल्याच्या दारात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा. निवडीचा दिवस होता. शेवटी उरले होते दोघे, राजा आणि दगडू. एक राहणार होता, दुसरा त्याच टेम्पोत चढणार होता. खरं तर निकाल सगळ्यांना ठाऊकच होता. राजाची आई त्याला जन्म देऊन गेली आणि मामांनी त्याला बाटलीवर वाढवला. म्हैस व्यायली म्हणून जो माणूस पोटच्या मुलाच्या बारशाला आला नव्हता, तो राजाच्या बाटलीतलं दूध मनगटावर टाकून कोमट आहे का बघायचा. आता राजा रिक्षाएवढा झाला होता, काळाभोर, तुकतुकीत, आणि मामांच्या मागे कुत्र्यासारखा हिंडायचा. दगडू म्हणजे नुसते हाडांचे कोपरे. मामींनी तर सकाळीच राजाच्या शिंगांना तेल चोळून ठेवलं होतं.

"आपल्या माणसासमोर कुणीही शहाण्यासारखं वागतं," मामा कुंपणाचं फाटक उघडत म्हणाले. "परीक्षेला परका हवा." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

चिकाची बरणी छातीशी धरून मी आत उभा राहिलो. आधी दगडूला सोडला. बादली वाजली तसा तो दचकून बाजूला झाला, माझ्याकडे एकदा बघितलं, मला लांबून वळसा घातला आणि गव्हाणीत तोंड घातलं.

"घाबरला की हा!" मी म्हणालो.

"घाबरला आणि विसरला," मामा म्हणाले. "उत्तम."

मग दगडूला बाहेर काढून राजाला सोडला. बादली आपटली, त्याचा कानसुद्धा हलला नाही. "वा!" व्यापारी म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?" मामी म्हणाल्या. मामा राजाच्या डोळ्यांकडे बघत राहिले. राजा सावकाश माझ्याकडे निघाला. मला वाटलं, प्रेम. मी हात पुढे केला, "ये राजा, ये." तो दीड हातावर थांबला आणि आडवा वळून उभा राहिला, शिंगापासून शेपटीपर्यंत सगळा मला दाखवत. पाठ कमानीसारखी वर, मान खाली, एक खूर माती उकरतोय. मला वाटलं, फोटो काढून घ्यायचा असेल.

"जावईबापू," मामांचा आवाज आला, एकदम खालचा. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "हात खाली घ्या. पाठ फिरवू नका. एकेक पाऊल मागे या."

"मामा, पाय हलत नाहीयेत."

"हलतील. पोह्यांच्या दिवशीही हलत नव्हते. बशीतले शेंगदाणे तेवढे थरथरत होते."

म्हणजे म्हातारा इतकी वर्षं सगळं जाणून होता! त्या संतापाने माझा एक पाय मागे आला. मग दुसरा. राजाच्या नाकपुड्यांचा वारा माझ्या शर्टाला लागत होता. शेजारच्या टॉवरवर कुणीतरी घणाचा एक घाव घातला, राजाची मान आणखी खाली गेली, आणि मामा ओरडले, "पळ रे गाढवा!"

मी गव्हाणीत उडी घेतली, दगडूच्या चाऱ्यावर. मागोमाग राजाचं कपाळ गव्हाणीच्या कठड्यावर असं आदळलं की सिमेंटचे टवके माझ्या केसांत आले. तो पुन्हा मागे सरला. तेवढ्यात तो नापास गुडघा घेऊन मामा कुंपण ओलांडून मध्ये उभे राहिले. हातात बादलीसुद्धा नव्हती.

"राजा," ते म्हणाले.

राजा थांबला. पुढे आला, मामांचा हात हुंगला आणि त्यांची दोन बोटं तोंडात घेऊन पारडासारखी चोखायला लागला.

"बघा, तुमचं ऐकतो की!" मामी कुंपणाबाहेरून म्हणाल्या. "परका माणूस होता म्हणून बिथरला हो. ठेवा त्याला."

"ऐकत नाही गं, तो मला म्हैस समजतो," मामा म्हणाले. "आणि यांना समजला दुसरा रेडा." एरवी मला याचा अभिमान वाटला असता. "भीत नाही म्हणजे शांत असतो असं नाही. बाटलीवर वाढवला मी. माणसापासून अंतर ठेवायचं असतं हे त्याला शिकवायचंच राहिलं. उद्या वैरण टाकताना तुला आडवा आला तर?" मामांनी बोटं सोडवून घेतली. "दगडू राहील."

राजा टेम्पोत चढेना. व्यापाऱ्याने दावं ओढलं, पुढे पेंड धरली, पण तो फळीपाशी नुसता उभा. शेवटी मामाच आधी फळीवरून वर गेले, लंगडत, दोन बोटं मागे धरून. राजा त्यांच्या मागोमाग चढला. मग मामा केबिनच्या बाजूने हळूच खाली उतरले.

"मामा, एवढं गरीब जनावर मी कधी चढवलं नाही," व्यापारी कडी घालताना म्हणाला. "पुन्हा विचार करा."

"गाडी हळू ने," मामा म्हणाले. "खड्ड्यात त्याचा पाय घसरतो."

टेम्पो वळणाआड गेला. मामी नळाखाली बादली लावत होत्या, ती त्यांच्या हातून निसटून पडली. काही मोठा आवाज झाला नाही. पण मामा असे दचकले की डोक्यावरची टोपी मातीत पडली.

मी ती उचलून, झटकून त्यांच्या हातात दिली. त्यांच्या डोळ्यांकडे मात्र बघितलं नाही.